भिंतीला पहिलं भोक पाडण्याआधी: विजेवरची हत्यारं घरी जपून कशी वापरायची

पडद्याचा रॉड बसवायचा असतो. सुतार "उद्या सकाळी येतो" म्हणतो, ती सकाळ काही उजाडत नाही. दुसरा कोणी मिळालाच तर चार भोकांसाठी अर्ध्या दिवसाची मजुरी सांगतो. मग घरातलं कोणीतरी ड्रिल मशीन मागवतं. हा लेख त्या कोणासाठी तरी आहे: खोकं उघडलंय, आतलं माहितीपत्रक बारीक अक्षरात आहे, आणि भिंतीवर पेन्सिलीची खूणही करून झाली आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं बरंचसं तिच्याभोवतीच फिरतं. मशीन चालू असताना माणूस आपोआप सावध असतो, तो आवाजच तसा असतो. माझ्या मते नवख्याला जपावं लागतं ते मशीन बंद असताना. बिट बदलताना, डिस्क आवळताना, अडकलेला तुकडा काढताना, मशीन मांडीवर ठेवून स्क्रू शोधताना. बोट कुठे आहे आणि बटण कुठे आहे, याचं भान नेमकं तेव्हा सुटतं. म्हणून फिरणाऱ्या भागाला हात लावायचा असेल तर आधी पिन सॉकेटमधून बाहेर काढा. बोर्डावरचं बटण बंद केलं म्हणून भागत नाही. घरात इतर माणसं असतात, बटण दिसलं की दाबून बघणारी लहान मुलं असतात. शिवाय वायरिंग करणाऱ्याने बटण करंट आणणाऱ्या तारेऐवजी (फेज) परत नेणाऱ्या तारेवर (न्यूट्रल) जोडलेलं असेल, तर बटण बंद असूनही मशीनपर्यंत करंट आलेला असतो. बॅटरीवरचं मशीन असेल तर बॅटरी काढून बाजूला ठेवा.

आधी कोणतं मशीन घ्यायचं

हॅमर ड्रिल, म्हणजे बिट फिरवता फिरवता त्याला ठोकेही देणारं. ५०० ते ६०० वॅटचं, बटण दाबाल तसा वेग कमी-जास्त होणारं, उलटसुलट फिरणारं. चक, म्हणजे बिट पकडणारा जबडा, १० मिमीचं असो वा १३ मिमीचं, घरच्या कामाला दोन्ही चालतात. याहून मोठं घ्यायचा मोह टाळा. जड मशीन नवख्याच्या हातात थरथरतं, आणि थरथरणाऱ्या हाताने पाडलेलं भोक गिट्टीला (स्क्रूसाठी भोकात ठोकायची प्लॅस्टिकची नळी) कधीच घट्ट बसत नाही.

शंभर नगांचा किट मिळतो, त्यात हातोडी, टेप, पान्हे, सगळं असतं. मशीन बरं असलं तर खुशाल घ्या, पण त्यातल्या बिटांवर विसंबू नका. काँक्रीटची दोन चांगली बिटं वेगळी विकत घ्या, एक ६ मिमी आणि एक ८ मिमी. बोथट बिट असलं की माणूस जोर लावतो, आणि जोर लावला की घसरतो. शक्य असेल तर मशीन दुकानात जाऊन हातात धरून बघा. मुंबईत नागदेवी स्ट्रीट, पुण्यात बोहरी आळी. तालुक्याच्या गावीही हार्डवेअरचं एखादं जुनं दुकान असतंच. पकड हाताला बसते का, बटणाला बोट नीट पोचतं का, केबल जाड आहे का, आणि या मशीनचे कार्बन (मोटरमधले झिजणारे छोटे तुकडे) इथे मिळतात का, एवढं विचारा. मशीनच्या पाटीवर चौकोनात चौकोन अशी खूण आहे का तेही बघा. ती दुहेरी इन्सुलेशनची खूण. अशा मशीनला अर्थिंगची गरज नसते, म्हणून त्याच्या केबलीत दोनच तारा असतात. ती खूण नसेल तर तीन पिनांचा प्लग हवा आणि सॉकेटला खरंखुरं अर्थिंग हवं.

ग्राइंडर, म्हणजे फिरत्या डिस्कने कापायचं-घासायचं मशीन, पहिल्या वर्षी घेऊ नका. चार इंची ग्राइंडर स्वस्तात मिळतो, म्हणून लोक ड्रिलसोबत तोही उचलतात. पण दोन्हींच्या धोक्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. त्याच्याबद्दल पुढे सविस्तर येईल.

विजेचं आधी बघून घ्या

आपल्याकडे घरात २३० व्होल्ट येतात. एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा बोर्डातला स्विच) आहे म्हणून आपण सुरक्षित, असा एक गोड गैरसमज असतो. एमसीबी वायर वाचवतो, माणूस नाही. १६ अँपिअरचा एमसीबी पडायला १६ अँपिअरच्या वर करंट जावा लागतो. माणसाचा जीव जायला त्याचा अगदी छोटा अंशही पुरतो. माणसाला वाचवायला असतो तो आरसीसीबी, ज्याला जुने वायरमन अजून ईएलसीबी म्हणतात. जाणारा करंट आणि परत येणारा करंट यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे तेवढा करंट कुणाच्या तरी अंगातून जमिनीत चालला असेल, तर तो क्षणार्धात लाईट तोडतो. तुमच्या मेन बोर्डात तो आहे का बघा. त्यावर 'टी' लिहिलेलं छोटं बटण असतं. ते दाबलं की घरातली लाईट गेली पाहिजे. नाही गेली तर तो नुसता शोभेला आहे. असा आरसीसीबी घरात नसेल तर ड्रिल मशीनच्या आधी तो बसवून घ्या. हा खर्च टाळायचा नाही.

सॉकेटमध्ये प्लगच लावायचा. हे सांगावं लागू नये, पण लागतं. प्लग तुटला की वायरीची टोकं सोलून सॉकेटात खुपसायची आणि वर काड्यापेटीची काडी ठोकून घट्ट करायची, ही पद्धत बांधकामाच्या साईटवरून सरळ घरात आलेली आहे. तसंच दोन पिनांचा प्लग तीन पिनांच्या सॉकेटात जात नाही म्हणून वरच्या भोकात पेनाची रिफिल किंवा टेस्टर घालून आतला पडदा उघडायचा. ते भोक अर्थिंगचं असतं आणि पडदा मुद्दाम दिलेला असतो. असा प्लग सैल बसतो, ठिणग्या मारतो, तापतो. वायरमनकडून योग्य तीन पिनांचा प्लग बसवून घेतला की कायमची कटकट मिटते.

एक्स्टेन्शन बोर्ड लागतोच. टीव्ही-कॉम्प्युटरचा स्पाईक गार्ड त्यासाठी वापरू नका, त्याची वायर बारीक असते. किमान १.५ चौरस मिमीची वायर असलेला बोर्ड घ्या, आणि वायरीचं वेटोळं असेल तर ते पूर्ण उलगडा. गुंडाळलेल्या वायरीतली उष्णता बाहेर पडत नाही, आणि आतल्या आत प्लॅस्टिक वितळतं. वायर दाराच्या फटीतून नेऊ नका. कोणीतरी दार लावणारच. ओल्या फरशीवर, ओल्या पायांनी, पावसाची झड येणाऱ्या गॅलरीत मशीन चालवायचं नाही. कोकणात आणि गोव्यात जुलै महिन्यात भिंतीसुद्धा ओल धरतात. तिथे ही कामं पावसाळा सरल्यावर काढलेली बरी.

आणि ते लॉकचं बटण. ड्रिलच्या पकडीजवळ एक छोटं बटण असतं. ते दाबलं की बोट काढलं तरी मशीन फिरत राहतं. नवख्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. लॉक लागलेला असताना लाईट गेली की माणूस मशीन ठेवून चहाला जातो. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी लाईट जाते, गावाकडे तर वार ठरलेला नसतो. लाईट परत येते तेव्हा टेबलावर ठेवलेलं मशीन आपोआप सुरू होतं आणि गरगरत खाली येतं. लाईट गेली की पिन काढा. पिन लावण्याआधी बटण एकदा दाबून सोडा, म्हणजे लॉक असेल तर सुटतो.

अंगावर काय असावं, काय नसावं

डोळ्यांना गॉगल. नंबरचा चष्मा त्याची जागा घेऊ शकत नाही, कारण कण बाजूने आत येतात. चष्म्यावरून घालायचे मोठे गॉगल मिळतात. काँक्रीटमध्ये हॅमर लावला तर कानात बोळे किंवा कानांवर आवाज अडवणारे इयरमफ. धुळीसाठी एन-९५ मास्क. रुमाल बांधून काही उपयोग नाही. काँक्रीट, ग्रॅनाइट, फरशी यांच्या धुळीत सिलिका असते. तिचे फुप्फुसात उतरणारे कण डोळ्यांना दिसतसुद्धा नाहीत, आणि रुमालाच्या विणीतून ते आरामात जातात. दगडाच्या खाणीत आणि फरशीच्या कारखान्यात वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांना सिलिकोसिस होतो तो याच धुळीने. तुमची चार भोकं म्हणजे खाण नव्हे, हे खरं. तरी मास्क एवढा महाग नाही.

आता नसावं ते. ओढणी, पदर, मोकळे केस, गळ्यातली साखळी, लोंबतं मंगळसूत्र, मनगटावरचा गंडा किंवा लाल दोरा, सैल बाह्या, लुंगी. फिरणाऱ्या चकने एक दोरा पकडला की तो बाकीचं सगळं ओढून घेतो, आणि हात मागे घ्यायला वेळ मिळत नाही. पदर कमरेला घट्ट खोचा, केसांचा अंबाडा घाला, मंगळसूत्र ब्लाउजच्या आत किंवा तेवढ्यापुरतं काढून डबीत ठेवा. ड्रिल चालवताना सुती हातमोजे घालू नका. मोजा संरक्षण देईल असं वाटतं, पण तोच बिटात गुंडाळला जातो. पायात चप्पल नको, बूट हवेत.

भिंत ओळखा

भोक कुठेही पाडता येतं, पण प्रत्येक भिंत वेगळी वागते.

साध्या विटेच्या भिंतीत गिलाव्याचा करडा भुगा आधी येतो आणि मग लाल भुगा सुरू होतो. लाल दिसला की समजा तुम्ही विटेत पोचलात. सिपोरेक्सच्या (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या) ठोकळ्यांची भिंत असेल तर भुगा पांढुरका-राखाडी आणि पिठासारखा मऊ येतो, बिट लोण्यात गेल्यासारखं आत जातं. अशा भिंतीत हॅमर बंद ठेवा, नुसतं ड्रिल चालवा. हॅमर लावला की भोक मोठं होतं आणि गिट्टी गोल गोल फिरते. कोकणात आणि गोव्यात चिऱ्याची भिंत असते. तिचा भुगा तांबडा-तपकिरी, आणि दगडात पोकळ्या असल्यामुळे बिट मध्येच अचानक आत घसरतं. तिथे अंगाचा भार मशीनवर टाकून उभं राहायचं नाही. देशावरच्या जुन्या वाड्यांमध्ये काळा बेसाल्ट लागला तर घरगुती ड्रिल हात टेकतं. दोन दगडांमधल्या सांध्यात भोक घ्या, किंवा जागा बदला.

गेल्या काही वर्षांतल्या मोठ्या टॉवरांमध्ये, मुंबई-ठाणे-पुण्याकडे विशेषतः, अॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या भिंती असतात. लोक त्यांना सरसकट मिवानच्या भिंती म्हणतात. त्या आरपार काँक्रीटच्या, आत सळया, आणि वायरींच्या नळ्या काँक्रीट ओततानाच आत घातलेल्या. तिथे ५०० वॅटचं हॅमर ड्रिल अर्धा इंच जाऊन नुसतं किंचाळत राहतं. त्यासाठी एसडीएस बिटाचं (खाचेने अडकणाऱ्या बिटाचं) जोरकस ठोके देणारं रोटरी हॅमर लागतं. ते दिवसभरासाठी भाड्याने मिळतं, पण चालवायला सवयीचा माणूस बोलवा. बिल्डरने दिलेला वायरिंगचा नकाशा असेल तर तोही काढून ठेवा.

बीम आणि कॉलममध्ये भोक पाडायचं नाही. भुगा करडा येत असेल आणि बिट एकाएकी टणक वस्तूवर अडून टण् वाजलं, तर ती सळई आहे. जोर लावू नका. साध्या हॅमर ड्रिलमध्ये सहसा क्लच नसतो, त्यामुळे बिट अडकलं की मशीनच उलटं फिरतं आणि मनगट पिरगाळतं. म्हणून तर खोक्यात ती आडवी मूठ दिलेली असते. बहुतेक जण ती न लावताच कपाटात ठेवतात.

भिंतीतल्या वायरी साधारणपणे बोर्डापासून सरळ उभ्या वर जातात आणि छताजवळून आडव्या पळतात. म्हणून प्रत्येक बोर्डाच्या, दिव्याच्या, एसीच्या पॉइंटच्या वर-खाली उभी रेषा मनातल्या मनात काढा आणि तिच्या दोन्ही बाजूंना वीतभर जागा सोडा. नळांचंही तसंच. नळाच्या वर-खाली आणि दोन नळांच्या मधल्या पट्ट्यात हात लावायचा नाही. भिंतीच्या पलीकडे काय आहे हे पलीकडे जाऊन बघा. बेडरूमच्या ज्या भिंतीवर तुम्ही आरसा लावताय तिच्यामागे बाथरूमचा गीझर असू शकतो. पाण्याचा मुख्य कॉक कुठे आहे हे आधी माहीत करून घ्या. पाइप फुटल्यावर तो शोधत बसायला वेळ नसतो.

पहिलं भोक, क्रमाने

१. सोसायटीची वेळ बघा. बऱ्याच ठिकाणी दुपारी २ ते ४ ठोकाठोक चालत नाही, आणि शेजारच्या आजोबांची झोपही तेव्हाच असते. कामाची घाई नसणं हीसुद्धा सुरक्षितताच आहे.

२. त्या खोलीचा एमसीबी बंद करा आणि दुसऱ्या खोलीतून एक्स्टेन्शनने लाईट घ्या. अंदाज चुकून वायर लागलीच तर ती मेलेली असेल.

३. पिन बाहेर असताना बिट चकमध्ये बसवा. बिट तळापर्यंत घाला, मग किंचित मागे घ्या. चकला चावीसाठी तीन भोकं असतात. तिन्हीतून आवळा, एकातूनच नव्हे. मग चावी काढा. चावी चकमध्ये विसरून मशीन चालू केलं तर ती गोळीसारखी सुटते. चावी केबलला, पिनेजवळ, रबराने बांधून ठेवा: चावी लावायची तर पिन हातात घ्यावीच लागते.

४. खोली ठरवा. आतल्या भिंतीचा गिलावा साधारण १२ ते १५ मिमी जाड असतो, आणि गिट्टी त्याच्या पलीकडे विटेत बसायला हवी. नाहीतर शेल्फ गिलाव्यासकट खाली येतं. गिट्टीच्या लांबीपेक्षा ५ ते १० मिमी जास्त खोल जायचं. मशीनसोबत खोली मोजायची दांडी येते. ती सापडत नसेल तर बिटावर चिकटपट्टीचा एक वेढा घाला. ६ मिमीच्या गिट्टीला ६ चंच बिट, ८ च्या गिट्टीला ८ चं.

५. प्लॅस्टिकच्या खुर्चीवर चढू नका. तिचे पाय फाकतात, आणि तुम्ही दोन्ही हातांनी मशीन धरलेलं असतं, म्हणजे सावरायला हातच नसतो. घोडा (घडीची शिडी) घ्या, आणि घरातल्या कोणाला तरी तो धरायला सांगा.

६. खुणेवर खिळ्याने हलकीशी खाच करा म्हणजे बिट घसरत नाही. फरशीवर किंवा टाइलवर काम असेल तर चिकटपट्टी लावून तिच्यावर खूण करा, टाइलसाठी भाल्याच्या टोकासारखं बिट वापरा, आणि टाइल पार होईपर्यंत हॅमर बंद ठेवा. व्हिट्रिफाइड टाइल कडक असते. सावकाश आणि कमी वेगाने.

७. एक हात पकडीवर, दुसरा आडव्या मुठीवर. पाय थोडे फाकून उभे राहा. मशीन भिंतीला काटकोनात. बटण हळू दाबून सुरुवात करा, बिटाने जागा धरली की वेग वाढवा. ढकलायचं थोडंच, खणायचं काम हॅमर करतो. दर काही सेकंदांनी बिट फिरतं ठेवून अर्धं बाहेर घ्या, म्हणजे भुगा निघतो.

८. बिट पूर्ण थांबल्याशिवाय मशीन खाली ठेवू नका. थांबल्यावरही बिटाला लगेच बोट लावू नका, चांगलाच चटका बसतो.

९. भोकातला भुगा तोंडाने फुंकू नका. तो सरळ डोळ्यांत येतो, आणि गॉगल आपण नेमका तेव्हाच वर सरकवलेला असतो. हवेचा छोटा पंप किंवा जुना टूथब्रश पुरतो.

छतात वरच्या दिशेने भोक पाडणं हे नवख्याचं काम नाही. स्लॅबमध्ये सळया असतात, वायरी असतात, आणि सगळा भुगा तोंडावर येतो. पंखा, झुंबर, पाळण्याची कडी ही कामं मिस्त्रीला द्या.

ग्राइंडर

चार इंची ग्राइंडर मिनिटाला साधारण ११,००० फेरे घेतो. त्या वेगाने १०० मिमीच्या डिस्कची कड ताशी २०० किलोमीटरने धावत असते. तो ताकदीने नव्हे, वेगाने कापतो. ड्रिल चुकलं तर भोक वाकडं होतं, फार तर मनगट दुखतं. ग्राइंडर चुकला तर तो आपल्या मनाने उसळतो आणि जिकडे अंग असेल तिकडे जातो.

पहिली गोष्ट, गार्ड काढायचा नाही. डिस्कवर जो अर्धगोल पत्रा असतो तो. कारागीर तो काढून टाकतात, कारण कोपऱ्यात हात घालता येतो. त्यांचं बघून तुम्ही काढू नका. गार्ड असा फिरवून ठेवा की तो तुमच्या आणि डिस्कच्या मध्ये येईल.

डिस्क विकत घेताना तिच्यावरचं वाचा. फेऱ्यांची कमाल मर्यादा लिहिलेली असते. ती मशीनच्या फेऱ्यांपेक्षा जास्तच हवी. १०० मिमीच्या चांगल्या डिस्कवर १५,००० च्या वरचा आकडा असतो. मधल्या धातूच्या कडीवर मुदतीची तारीख छापलेली असते. हो, डिस्कलाही मुदत असते, कारण तिच्यातले कण रेझिनने धरलेले असतात आणि ते रेझिन जुनं झालं, ओल धरली, की पकड सोडतं. गॅलरीतल्या पिशवीत दोन पावसाळे काढलेली डिस्क फेकून द्या, तुकडा उडालेली किंवा पडलेली डिस्कही फेकून द्या. तिची किंमत एका वडापावच्या प्लेटच्या आसपास असते. गार्डमध्ये मावत नाही म्हणून गार्ड काढून मोठी डिस्क बसवणं, किंवा भोक मोठं आहे म्हणून कागद गुंडाळून बसवणं, हे अजिबात नाही.

कापायची डिस्क पातळ असते, मिलिमीटर-दीड मिलिमीटरची. घासायची जाड. पातळ डिस्कने बाजूने घासलं की ती फुटते आणि तिचे तुकडे छर्‍यांसारखे सुटतात. गंजलेल्या ग्रिलचा वेल्ड घासायचा असेल तर डिस्क बदला, आळस करू नका. आणि बदलताना पिन बाहेर.

नवी डिस्क बसवली की मशीन तोंडापासून दूर, डिस्कच्या रेषेत कोणीही उभं नाही असं बघून, मिनिटभर मोकळं चालवा. थरथर जाणवली तर बंद करा.

कापायची वस्तू पायाखाली दाबून धरायची नाही. हे आपल्याकडे सर्रास चालतं: एक पाय पाइपावर, पायात स्लिपर, आणि डिस्क अंगठ्यापासून चार बोटांवर. व्हाइस किंवा सी-क्लॅम्पने वस्तू टेबलाला आवळा, आणि कापून सुटणारा भाग मोकळा लोंबता ठेवा. दोन्ही बाजूंना टेकू दिला की मधे कापत आल्यावर वस्तू खचते, फट मिटते, डिस्क चिमटीत सापडते आणि मशीन उसळतं. तुम्ही स्वतः डिस्कच्या रेषेत उभे राहू नका, थोडे बाजूला राहा. दोन्ही हात मशीनवर. बटण बंद केल्यावरही डिस्क काही सेकंद फिरत राहते. ती थांबेपर्यंत मशीन हातातच धरा.

ठिणग्या कुठे जातायत ते सुरू करण्याआधीच ठरवा. गॅसचा सिलिंडर, थिनरचा डबा, रंगाचा बोळा, लाकडाचा भुसा, पडदे, पेपरची रद्दी यांच्या आसपास नाही. काचेवर आणि टाइलवर पडलेल्या ठिणग्या चिकटून बसतात, तिथले डाग निघत नाहीत. शेजाऱ्याची गाडी खाली उभी असेल तर आधी हलवायला सांगा. काम झाल्यावर अर्धा तास तिथेच आसपास राहा. भुशात गेलेली ठिणगी लगेच पेटत नाही, धुमसत राहते. ग्राइंडरसाठी मात्र चामड्याचे घट्ट बसणारे हातमोजे आणि गॉगलवर तोंड झाकणारं शील्ड हवं.

दोन गोष्टींबाबत मी कोणाचंही ऐकून घेत नाही. एक, ग्राइंडरवर लाकूड कापायचं दातेरी ब्लेड लावणं. ते बाजारात मिळतं, सुतार वापरतात, आणि व्हिडिओत फार सोपं दिसतं. लाकडातल्या गाठीत एक दात अडकला की मशीन हातातून सुटतं. त्याचंच भावंड म्हणजे मार्बल कटर (फरशी कापायचं मशीन) उलटा करून टेबलाला बोल्टने बसवणं आणि त्यावर प्लायवुड कापणं. गार्ड नाही, झटकन बंद करायला बटण हाताशी नाही, आणि बोटं ब्लेडकडे ढकलत न्यायची. लाकूड कापायचं असेल तर जिगसॉ (पातं वर-खाली चालणारी विजेवरची करवत) घ्या, किंवा प्लाय दुकानातूनच मापाने कापून आणा.

दुसरी गोष्ट छपरावरच्या सिमेंटच्या जुन्या पत्र्यांची. गॅलरीवरची शेड, पडवी, गोठा, सगळीकडे ते दिसतात. त्यांत अॅस्बेस्टॉस असतं. ग्राइंडरने असा पत्रा कापला की त्याचे तंतू धुळीतून श्वासात जातात, आणि त्यांनी होणारे फुप्फुसाचे आजार, कर्करोगसुद्धा, कित्येक वर्षांनी उघडकीला येतात. असा पत्रा कापू नका, घासू नका, त्यात ड्रिलही मारू नका. बदलायचाच असेल तर अख्खा, ओला करून उतरवून घ्या.

जिगसॉ, सँडर (लाकूड घासायचं मशीन), हीट गन (गरम हवा सोडणारं मशीन) यांना फारसं वेगळं काही लागत नाही. जिगसॉची पाती फळीच्या खालीही उतरते, तिकडे दुसरा हात नको. सँडरची धुळीची पिशवी भरली की रिकामी करा. हीट गन बंद केल्यावरही तिचं तोंड बराच वेळ तापलेलं असतं. बॅटरीची मशीनं चार्जिंगला लावून झोपू नका, गादीवर किंवा सोफ्यावर तर चार्ज करूच नका. फुगलेली बॅटरी पुन्हा चार्जरला लावायची नाही.

काम संपल्यावर

आधी पिन. मग कोरड्या फडक्याने मशीन पुसा, हवा जायच्या खाचांतली धूळ ब्रशने काढा. केबल मशीनभोवती करकचून आवळू नका. ती मशीनमध्ये शिरते तिथेच वाकून वाकून आतल्या तारा तुटतात. बाहेरून काही दिसत नाही, मशीन मधूनच बंद पडतं, आणि हलवलं की चालू होतं. असं होऊ लागलं तर टेप गुंडाळून वापरू नका, केबल बदलून घ्या. खाचांतून आत बारीक निळसर ठिणग्या दिसणं नेहमीचं आहे. त्या मोठ्या, पिवळ्या, गोल कडं फिरल्यासारख्या दिसल्या किंवा जळका वास आला, तर कार्बन झिजलेत किंवा आर्मेचर (मोटरचा फिरणारा भाग) जळत आलंय. कार्बन नेहमी जोडीने बदलतात, आणि ते स्वस्त असतात. वेळेवर नाही बदलले तर खर्च आर्मेचरपर्यंत जातो.

खंडेनवमीला आपण हत्यारं धुऊन-पुसून पुजतो, झेंडूचं फूल वाहतो. ड्रिल धुवायचं नाही, एवढं सांभाळा. पण त्या निमित्ताने वर्षातून एकदा केबल बोटांमधून पूर्ण ओढून तपासायची, प्लग उघडून आतले स्क्रू आवळायचे, मुदत संपलेल्या डिस्क काढून टाकायच्या आणि आरसीसीबीचं बटण दाबून बघायचं, ही पद्धत घालून घ्या. कुंकू कार्बनच्या झाकणावर लावू नका म्हणजे झालं.

मशीन मुलांच्या हाताला लागणार नाही असं कुलपात ठेवा, बिट काढून.

काही झालंच तर

शॉक लागलेल्या माणसाला हात लावू नका. आधी मेन स्विच बंद करा. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडी काठीने वायर दूर ढकला. श्वास थांबला असेल तर १०८ ला फोन करायला कोणाला तरी सांगा आणि लगेच छातीच्या मधोमध दाब द्यायला सुरुवात करा. मिनिटाला १०० ते १२०, मोठ्या माणसाला साधारण ५ सेंटिमीटर खोल. शॉक बसून माणूस लगेच उठून बसला, "काही नाही झालं" म्हणाला, तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. हृदयाचे ठोके नंतर बिघडू शकतात.

कापलं तर स्वच्छ कापड जखमेवर घट्ट दाबून धरा, उघडून उघडून बघू नका. हळद भरू नका. बोट तुटलं असेल तर ते ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, आणि ती पिशवी बर्फाच्या पिशवीत ठेवा. बोट थेट बर्फावर ठेवलं तर ते खराब होतं आणि जोडता येत नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला विसरू नका.

डोळ्यात धूळ गेली तर चोळू नका, वाहत्या स्वच्छ पाण्याने धुवा. पण धातूचा कण रुतला असेल तर धुणं नाही, पदराचं टोक नाही, चुंबक नाही. डोळ्यावर वाटी किंवा कागदी कप उपडा धरून, दाब न देता, सरळ नेत्ररोगतज्ज्ञाकडे जा. लोखंडाचा कण काही तासांतच बुबुळावर गंजाचं कडं धरू लागतो. कोणत्या धातूवर आणि कोणत्या मशीनने काम चालू होतं हे डॉक्टरांना स्वतःहून सांगा. लोखंडाचा कण आत असेल तर एमआरआय करता येत नाही.